अर्थविचार : छपराचा दर आणि छपराचा खर्च



दीपावलीचे निर्वाण लाडू आणि वहीपूजन आटोपले, की आपल्या बाजारपेठांतून घरदुरुस्तीच्या गोष्टी सुरू होतात. पेठेतील आपली जुनी घरे बहुधा एकाच धाटणीची असतात. खाली दुकान, मागे कोठार, वर राहणे, आणि या सर्वांवर मंगलोरी कौलांचे दुपाखी छप्पर. बासेल मिशनने १८६५ साली मंगळूर येथे या कौलांचा कारखाना सुरू केला आणि पुढे पश्चिम किनाऱ्यापासून देशावरील पेठांपर्यंत ही कौले पोहोचली. अनेक घरांवर आजोबा-पणजोबांनी चढवलेले तेच छप्पर आजही उभे आहे. मात्र वासे वाळवीने पोखरलेले असतात, आढे खचलेले असते आणि दरवर्षीची शाकारणी आता पुरेशी होत नाही. छप्पर बदलावे लागणार, हे घरातील सर्वांना कळते. मग गवंड्याला किंवा ठेकेदाराला पहिला प्रश्न विचारला जातो, "चौरस फुटाला काय दर?"

हा प्रश्न व्यापाऱ्याच्या तोंडी शोभत नाही, असे मला नम्रपणे म्हणावेसे वाटते. आपण दुकानासाठी डाळ घेतो तेव्हा केवळ भाव विचारून थांबत नाही. प्रत, वजनातील घट, हमाली, तोलाई, अडत, गाडीभाडे हे सारे धरून माल दुकानात येऊन काय पडतो, हे काढल्याशिवाय सौदा करत नाही. भाव आणि घरपोच पडणारी किंमत यांतील अंतर आपल्या अंगवळणी पडलेले असते. छपराच्या बाबतीत मात्र आपण ही सवय उंबऱ्याबाहेर ठेवतो. आजच्या लेखात तीच सवय घराच्या छपराला लावून पाहू. पुढील दर आणि रकमा केवळ समजुतीसाठी कल्पिलेल्या आहेत. प्रत्यक्ष दर आपल्या गावी, त्या वेळी विचारूनच ठरवावेत.

माप कशाचे?

एका घराच्या बाहेरील भिंती ४० फूट लांब आणि २५ फूट रुंद आहेत, असे समजू. जमिनीवर हे क्षेत्र १,००० चौरस फूट, म्हणजे गवंड्याच्या भाषेत १० ब्रास झाले. यजमानाच्या मनात हाच आकडा असतो. परंतु छप्पर भिंतीपाशी थांबत नाही. चारही बाजूंना दोन-दोन फुटांची वळचण धरली तर लांबी ४४ आणि रुंदी २९ फूट होते, क्षेत्र १,२७६ चौरस फूट होते. शिवाय छप्पर तिरके असते. दर दोन फुटांना एक फूट असा चढ असेल, तर तिरके क्षेत्र सपाट क्षेत्राच्या १.११८ पट भरते. म्हणजे १,४२७ चौरस फूट, सुमारे सव्वाचौदा ब्रास. १० ब्रासच्या घराचे छप्पर सव्वाचौदा ब्रासचे निघाले. उतार अधिक असेल तर हा आकडा आणखी वाढतो.

म्हणून कोणताही दर ऐकण्यापूर्वी तो दर कोणत्या मापावर लागणार, हे निश्चित करावे. जमिनीच्या, तिरक्या छपराच्या, की विकत आणलेल्या पत्र्याच्या मापावर? एक पत्रा दुसऱ्यावर चढवावाच लागतो, त्यामुळे विकत घेतलेल्या पत्र्याचे माप झाकलेल्या जागेपेक्षा नेहमी जास्त असते. ठेकेदार यांतील कोणतेही माप धरील तर त्यात लबाडी नाही. माप आधी लिहिले न जाणे हेच पुढील वादाचे मूळ असते.

मंगलोरी कौले चौरस मीटरला साधारण १५ लागतात. आपल्या उदाहरणातील छपरास त्या हिशेबाने सुमारे २,००० कौले लागतील. जुनी कौले उतरवताना प्रत्येक कौल वाजवून पाहिले, तर बरीचशी खणखणीत निघतात. ती पुन्हा वापरता येतात किंवा विकता येतात. त्यांची किंमत कोणाच्या खात्यात जमा होणार, हेही ठरावात लिहावे. अन्यथा "जुना माल ठेकेदाराचा" ही प्रथा गृहीत धरली जाते.

भिंत काय पेलते?

"एकदाच स्लॅब टाकून मोकळे होऊ" असा विचार अनेक घरांत होतो. दरवर्षीची कटकट संपावी ही इच्छा स्वाभाविक आहे. परंतु हा निर्णय पैशांच्या आधी वजनाचा आहे. एक कौल सरासरी अडीच किलो धरले, तर आपल्या उदाहरणातील २,००० कौलांचे वजन ५ टन होते. त्याच घरावर पाच इंच जाडीचा स्लॅब टाकला, तर १,००० चौरस फुटांस सुमारे २९ टन काँक्रीट चढते. त्यावरील वॉटरप्रूफिंगचा थर, पाण्याची टाकी आणि माणसांचा वावर वेगळा. मातीत बांधलेल्या विटांच्या किंवा पांढऱ्या मातीच्या भिंती हा भार सोसतीलच असे नाही. तेव्हा स्लॅबचा खरा खर्च म्हणजे स्लॅब, अधिक खांब, तुळया आणि पाया. स्ट्रक्चरल इंजिनिअरला तपासणीचे शुल्क देऊन त्याचा लेखी अभिप्राय घेणे हा या कामातील अत्यंत आवश्यक खर्च आहे. नगरपालिकेच्या परवानगीसाठीही तो कागद उपयोगी पडतो.

पत्र्याचा प्रश्न याच्या उलट आहे. पत्रा इतका हलका असतो, की वादळात तो खालून उचलला जाण्याचा धोका असतो. त्यामुळे पत्र्याच्या छपरात पत्र्याइतकेच महत्त्व सांगाड्याला, भिंतीत धरलेल्या नांगरणीला आणि स्क्रूंना आहे. स्क्रूखालचा रबरी वायसर हलका असेल, तर उन्हाने तो चिरतो आणि उत्तम पत्र्याचे छप्परही त्या छिद्रांतून गळू लागते. शिवाय उष्णता आणि पावसाचा आवाज सोसवत नाही म्हणून पत्र्याखाली तक्तपोशी किंवा उष्णतारोधक थर लागतोच. तो खर्च पहिल्या दिवशी धरावा.

पत्र्याची प्रत आपल्याच तराजूने पडताळता येते. पोलादाचा एक मिलिमीटर जाडीचा, एक चौरस मीटरचा सपाट तुकडा ७.८५ किलो भरतो. अर्धा मिलिमीटर जाडी सांगितली असेल, तर नालीदार करण्यापूर्वीची सपाट रुंदी धरून प्रति चौरस मीटर वजन ३.९ किलोच्या आसपास भरले पाहिजे. सांगितलेली जाडी लेपासह आहे की लेपाविना, आणि लेप प्रति चौरस मीटर किती ग्रॅमचा आहे, हे दोन प्रश्न विचारले की विक्रेताही सावध होऊन बोलतो.

दोन दरपत्रके

आता दोन ठेकेदारांची दरपत्रके समोर आहेत असे कल्पू. पहिल्याचा दर चौरस फुटाला १५० रुपये, दुसऱ्याचा १९०. क्षेत्र तेच, १,४२७ चौरस फूट. पहिला २,१४,०५० रुपये मागतो, दुसरा २,७१,१३०. घरातील सर्वजण पहिल्याकडे बोट दाखवतील.

तपशील वाचला, की चित्र बदलते. पहिल्याच्या दरात जुने छप्पर उतरवणे आणि मलबा वाहून नेणे नाही, त्याचे २०,००० रुपये वेगळे. आढ्यावरील पट्टी आणि पन्हळी नाहीत, त्यांचे २८,००० रुपये वेगळे. तळाशी बारीक अक्षरांत "जीएसटी अलग" असे आहे. बेरीज २,६२,०५० रुपये आणि त्यावर १८ टक्के कर, एकूण ३,०९,२१९ रुपये. दुसऱ्याचा दर या सर्व बाबी आणि करासह आहे. स्वस्त वाटलेले काम ३८,०८९ रुपयांनी महाग निघाले.

म्हणून दरपत्रक मागवण्याआधी आपणच बाबींची यादी करावी आणि तीच यादी सर्वांना द्यावी. उतरवणे आणि मलबा, परांची, सांगाडा, आच्छादन, आढे आणि पन्हळी, तक्तपोशी, भिंतीच्या माथ्याची डागडुजी, विजेच्या तारा आणि सौर बंबाची हलवाहलव, मजुरी, वाहतूक, कर. याखेरीज आपल्या स्वतःच्या वहीत तीन नोंदी ठेवाव्यात. ताडपत्री आणि सामान हलवण्याचा खर्च, दुकान बंद राहील त्या दिवसांचा तोटा, आणि अनपेक्षित कामासाठी एकूण रकमेच्या १० ते १५ टक्के राखीव रक्कम. जुने छप्पर उघडल्याखेरीज वाशांची खरी अवस्था दिसत नाही, म्हणून ही राखीव रक्कम बहुतेक वेळा लागतेच.

जुने छप्पर सिमेंटच्या पत्र्यांचे असेल तर आणखी एक काळजी घ्यावी. त्यांपैकी अनेकांत ॲस्बेस्टॉस असते आणि त्याची धूळ श्वासावाटे जाणे कर्करोगास कारण ठरते, हे जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट केले आहे. असे पत्रे फोडू नयेत. पाणी मारून, अखंड उतरवावेत. वरच्या मजुराच्या तोंडावर योग्य मास्क असावा आणि कमरेला पट्टा असावा. त्याचे पैसे यजमानाने आनंदाने द्यावेत. दुसऱ्याच्या जीवाच्या किमतीवर केलेली बचत आपल्या वहीत जमेस धरता येत नाही.

पैसे देण्याचा क्रमही लेखी ठरवावा. अगाऊ रक्कम थोडी, मग सांगाडा पूर्ण झाल्यावर, मग आच्छादन झाल्यावर, आणि शेवटचे १० टक्के पहिल्या मोठ्या पावसानंतर. छपराची परीक्षा पाऊसच घेतो.

वर्षाला काय पडते?

१,८०,००० रुपयांचे छप्पर बारा वर्षे टिकले, तर वर्षाला १५,००० रुपये पडले. २,७०,००० रुपयांचे पंचवीस वर्षे टिकले, तर वर्षाला १०,८०० रुपये पडले. मालाची प्रत ठरवताना हा भागाकार करून पाहावा. मात्र कुटुंबाने पाच-सात वर्षांत ती जागा विकून दुसरीकडे जायचे ठरवले असेल, तर पंचवीस वर्षांच्या छपरात पैसे घालणे शहाणपणाचे नाही. तेथे सुरक्षित डागडुजी पुरेशी आहे.

वेळेचाही पैशांशी संबंध आहे. वैशाख-ज्येष्ठात सर्वांनाच घाई असते, तेव्हा कारागीर मिळत नाहीत आणि मजुरी चढते. दिवाळीनंतर माघापर्यंत काम काढले, तर निवांतपणे होते. आपल्या दृष्टीने याचा दुसराही लाभ आहे. कौलांखाली आणि वळचणीला चिमण्या घरटी करतात. त्यांची वीण मुख्यत्वे उन्हाळा-पावसाळ्यात होते, त्यामुळे थंडीत बहुतेक घरटी रिकामी असतात. तरीही कौले काढण्यापूर्वी प्रत्येक घरटे पाहावे. अंडी किंवा पिल्ले असतील, तर तेवढा भाग काही दिवस राखून ठेवण्याची अट मजुरांना आधीच सांगावी. वाळवीवर औषध मारण्याचा प्रसंग टाळायचा असेल, तर लाकडाऐवजी लोखंडी कैच्यांचा सांगाडा करावा. तो काहीसा महाग पडेल, पण हिंसेचे निमित्त कायमचे टळेल.

पैसा कोठून आणावा?

बँकेतील नोकरीत जे वारंवार दिसत असे, ते येथे सांगतो. अनेक व्यापारी घराच्या कामासाठी दुकानाच्या कॅश क्रेडिट खात्यातून रक्कम उचलतात. ते सोपे असते, कारण चेकबुक हाताशी असते. परंतु त्या खात्याची मर्यादा दुकानातील माल आणि येणी यांवर ठरलेली असते. तीन लाख रुपये छपरात गेले, की तेवढा माल भरता येत नाही. छप्पर काही महिन्यांत विकून पैसे परत येत नाहीत. हंगामात माल नाही, व्याज मात्र चालू, अशी कोंडी होते. खेळते भांडवल खेळतेच राहावे. दीर्घकाळ टिकणाऱ्या वस्तूसाठी दीर्घ मुदतीचा पैसा वापरावा.

बचतीतून भागत असेल तर उत्तमच. न भागल्यास घरदुरुस्तीचे कर्ज मागावे, वैयक्तिक कर्ज शेवटी पाहावे. तीन लाख रुपये पाच वर्षांसाठी ९ टक्क्यांनी घेतले, तर मासिक हप्ता सुमारे ६,२२८ रुपये आणि एकूण व्याज सुमारे ७३,६५० रुपये होते. तेच १४ टक्क्यांनी घेतले, तर हप्ता सुमारे ६,९८० रुपये आणि व्याज सुमारे १,१८,८०० रुपये. कर्जाचा प्रकार निवडण्यातच ४५,००० रुपयांचा फरक आहे. बदलत्या व्याजदराचे गृहकर्ज व्यक्तीने मुदतीपूर्वी फेडले, तर बँक दंड आकारू शकत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

आयकरात जुनी करपद्धती निवडणाऱ्यास स्वतः राहत्या घराच्या दुरुस्ती-कर्जावरील व्याजापोटी वर्षाला ३०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते. नव्या पद्धतीत राहत्या घरास ती मिळत नाही. भाड्याने दिलेल्या घरास ३० टक्के सरसकट वजावट आहे, मग दुरुस्तीवर काहीही खर्च झाला असो.

बिल कोणाच्या नावे?

येथे विषय थोडा नाजूक होतो. खाली दुकान, वर घर असले, की छपराचे बिल फर्मच्या नावे घेऊन खर्चात टाकावे आणि त्यावरील जीएसटीची वजावट घ्यावी, असा सल्ला कोणीतरी देतो. निवासाच्या छपरावरील कराची वजावट दुकानाच्या खात्यात घेता येत नाही. दुकानाच्या वापराचा जो योग्य भाग असेल, तेवढाच कर-सल्लागाराला विचारून दुकानाच्या खात्यात घालावा. दुसरा सल्ला "बिलाविना काम करा, कर वाचेल" असा असतो. ठेकेदार लहान असून नोंदणीस पात्रच नसेल, तर तो कर आकारू शकत नाही. तेथे साधी सहीची पावती पुरेशी आहे. पण नोंदणी असलेल्याने बिल न देणे आणि आपण ते न मागणे ही वेगळी गोष्ट झाली.

अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत खोटी मापे वापरण्याबरोबरच राज्याच्या नियमांचे उल्लंघन हाही दोष मानलेला आहे. व्यापाऱ्यांसाठी जणू हेतुतःच ही यादी केली असावी. व्रताचा विचार बाजूला ठेवला, तरी बिल नसण्याचा तोटा उरतोच. जुन्या छपराच्या जागी स्लॅब टाकणे हा घराच्या सुधारणेचा भांडवली खर्च ठरू शकतो आणि पुढे घर विकताना भांडवली नफ्यातून तो वजा होतो. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घर-जमिनीबाबत निवासी व्यक्ती आणि हिंदू अविभक्त कुटुंब यांना निर्देशांकासह २० टक्के किंवा निर्देशांकाविना १२.५ टक्के, यांतील कमी पडणाऱ्या कराचा लाभ आहे. दोन्ही हिशेबांत सुधारणेच्या खर्चाचा पुरावा लागतो. बिल नसेल तर पुढे अधिक कर भरावा लागेल.

छप्पर कोणाचे?

सर्वांत अवघड आकडा शेवटी राहतो. वाटणीत थोरल्या भावाकडे खालचा मजला आणि धाकट्याकडे वरचा आला, अशी घरे आपल्या समाजात पुष्कळ आहेत. पाणी धाकट्याच्या अंगावर गळते. थोरला म्हणतो, "माझ्याकडे तर ठणठणीत आहे." वाटणीपत्रात भिंती, जिना, अंगण सारे लिहिलेले असते, छपराचा मात्र उल्लेख नसतो. काम वर्षभर रेंगाळते, वासे आणखी कुजतात, पाणी भिंतीतून खाली उतरते, आणि पुढच्या वर्षी थोरल्याच्या कोठारातील पोती भिजतात. छप्पर ज्याच्या डोक्यावर आहे त्याचेच नसते. ते भिंतींचे असते आणि भिंती दोघांच्या असतात.

सहकारी गृहनिर्माण संस्थांनी हा प्रश्न नियमाने सोडवला आहे. महाराष्ट्रातील आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याची गळती दुरुस्त करण्याचा खर्च संस्थेचा असतो, एकट्या वरच्या सदनिकाधारकाचा नसतो. हाच न्याय वाड्याला लावावा. सांगाडा, आच्छादन आणि पन्हळी यांचा खर्च प्रत्येकाच्या ताब्यातील क्षेत्राच्या प्रमाणात वाटावा. तक्तपोशी, रंग, दिवे हे ज्याचे त्याने करावे. एखाद्या भावाची परिस्थिती आज बेताची असेल, तर इतरांनी रक्कम घालून ती त्याच्या नावे वहीत लिहावी आणि फेडीची सवड द्यावी. विधवा भावजय किंवा वृद्ध आत्या त्या घरात राहत असेल, तर तिचा वाटा मागण्यापूर्वी कुटुंबाने एकत्र बसावे. हे सारे काम सुरू होण्यापूर्वी एका कागदावर लिहून सर्वांच्या सह्या घ्याव्यात. नवे वाटणीपत्र करताना छपराचे कलम आवर्जून घालावे.

ठेकेदाराला बोलावण्याआधी तीन कागद तयार असावेत : छपराच्या तिरक्या मापाचा नकाशा, बाबींची यादी, आणि कुटुंबाच्या वाट्यांचा लेख. पहिल्या दोहोंनी पैसे वाचतील. तिसऱ्याने घर वाचेल.

पुढील अंकात घराच्या विम्याविषयी लिहीन. वादळाने उडालेल्या छपराची भरपाई आणि कालमानाने जीर्ण झालेल्या छपराचा नाकारला जाणारा दावा, यांतील भेद त्यात पाहू.